वारशाचा प्रबंध आणि मेणवलीची घंटा

वारसा-अभ्यास हा विषय घेऊन पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुले-मुली आता आपल्या धर्मग्रामांतूनही पुढे येऊ लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. या शिक्षणाच्या अखेरीस विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे एक संशोधन-प्रबंध लिहावा लागतो. मार्गदर्शक वाट दाखवितात. परंतु विषय शोधणे, साधने जमविणे आणि निष्कर्षाची जबाबदारी उचलणे हे काम विद्यार्थ्याचे एकट्याचे. वसईवरील अशा लेखनाकडे आम्ही आस्थेने पाहतो, आणि म्हणूनच त्यातील एका उणिवेविषयी स्पष्ट बोलणे आम्हांस आवश्यक वाटते.

या प्रबंधांचा साचा बहुधा ठरलेला असतो. प्रारंभी १५३४चा तह, मग किल्ल्यातील चर्चची ओळीने वर्णने, त्यानंतर १७३९मधील चिमाजी आपांचा विजय आणि शेवटी वारसा जपण्याचे कळकळीचे आवाहन. माहिती सहसा चुकीची नसते. पण लेखकाला नेमके काय शोधायचे होते, हे शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. वर्णनाला संशोधन समजण्याची ही सवय आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ठाणे जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर १८८२चे. डॉ. जे. गर्सन द कुन्हा यांचा चौल-वसईच्या इतिहासावरील व प्राचीन अवशेषांवरील इंग्रजी ग्रंथ १८७६चा. वसईविषयी लिहिताना गॅझेटिअरकारांनी द कुन्हांचा भरपूर आधार घेतला आहे. विद्यार्थी मात्र एकाच विधानाखाली दोन्ही ग्रंथांची नावे देतो आणि आपल्यापाशी दोन साक्षीदार आहेत अशी समजूत करून घेतो. साक्षीदार एकच असतो. त्याचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडून पुन्हा ऐकू येते, इतकेच.

द कुन्हा हे गोव्यात जन्मलेले, मुंबईत वैद्यकी करणारे गृहस्थ. व्यवसाय सांभाळून त्यांनी पडक्या चर्चमधील समाधिशिळांवरचे पोर्तुगीज लेख उतरवून घेतले. स्वतंत्र अभ्यास म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावे. तरी त्यांच्या ग्रंथाचा ओढा दगडांकडे आहे, असे आमचे मत आहे. अवशेषांभोवती नांदणारा समाज त्यात मागल्या रांगेत उभा राहतो. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही आपल्या मुलांनी त्याच रांगेची व्यवस्था कायम ठेवावी, याचे आम्हांस नवल वाटते.

मग प्रश्न कसा निवडावा? एक उदाहरण देतो. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. तेथे एक मोठी घंटा टांगलेली असून तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियामातेची आकृती आहे. चिमाजी आपांनी वसईहून आणलेल्या घंटांपैकी ही एक, असे सर्वत्र सांगितले जाते. कोणी ते अभिमानाने सांगतो, कोणी हळहळत. घंटेपाशी थांबून विचार मात्र दोघेही करीत नाहीत. वसई पडली १७३९च्या मे महिन्यात. नाना जन्मले १७४२मध्ये! म्हणजे ही घंटा वसईची असेल, तर ती थेट नानांच्या घाटावर गेलेली नाही. मधली वर्षे ती कोठे होती, कोणाच्या ताब्यात होती, मुळात कोणत्या चर्चची होती? एवढ्या एका प्रश्नावर वर्षभराचे काम होईल. मेणवली दप्तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे, पेशवे दप्तर पुण्यातच आहे, पोर्तुगीज कागद पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. एका वर्षात मोडी आणि पोर्तुगीज या दोहोंत निष्णात होणे कोणालाही अवघड. एक शिकावी, दुसरीसाठी जाणकाराचे साहाय्य घ्यावे आणि ते साहाय्य प्रबंधात नमूद करावे. उत्तर मिळाले नाही, तर कोणती दप्तरे पाहिली आणि कोठे वाट खुंटली हे लिहावे. आमच्या लेखी तेही संशोधनच.

असाच बारीक प्रश्न घराघरांतूनही निघू शकतो. किल्ल्याच्या तटाला पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. वाडीतील कौलारू घर पाडून इमारत उभी राहते, तेव्हा माळ्यावरची लाकडी पेटी कोठे जाते हे कोणी विचारीत नाही. त्या पेटीत जमिनीचे कागद असतात, लग्नातले लुगडे असते, आजीच्या हातची गाण्यांची वही असते. विद्यार्थी दारी आला, तर त्याने छापील प्रश्नावली पुढे करू नये. आजीशी कादोडीत बोलावे. घरच्यांनीही कागद दाखवावेत, पण मूळ प्रत हातची सोडू नये. तेथल्या तेथे छायाचित्र घेऊ द्यावे, आणि कोणत्या गोष्टी छापू नयेत हे आधीच सांगावे.

प्रबंध पूर्ण झाल्यावर तो विद्यापीठाच्या कपाटात जातो आणि ज्यांनी पेट्या उघडल्या त्यांना त्यातले अक्षरही दिसत नाही. तो बहुधा इंग्रजीत असतो, ही आणखी एक अडचण. तेव्हा विद्यार्थ्याने दहा-बारा पानांचा मराठी गोषवारा तयार करून धर्मग्रामाच्या वाचनालयात ठेवावा, आणि ज्या घरांतून कागद मिळाले तेथे एकेक प्रत स्वतः नेऊन द्यावी.