कागदाचा राक्षस

मुलांसाठीं रचलेल्या नाट्यांत पडद्याला स्थान असावें काय, असा प्रश्न सुजाण पालक अलीकडे वारंवार विचारतात. घरीं मोबाइलचा पडदा आहेच. तिकीट काढून मुलास पुन्हा पडद्यापुढेंच बसवावयाचें तर नाट्यगृह हवें कशाला, हा त्यांचा आक्षेप. तो वाजवी आहे. परंतु सर्वच पडद्यांस तो लागू पडतो असें आम्हांस वाटत नाहीं. अमेरिकेंतील शिकागो शहरीं २०१० सालीं स्थापन झालेल्या ‘मॅन्युअल सिनेमा’ या मंडळीचें ‘लिओनार्डो!’ हें बालनाट्य या दृष्टीनें विचार करण्याजोगें आहे.

कथानक मो विलेम्स यांच्या दोन चित्रपुस्तकांवरून घेतलें आहे. लिओनार्डो हा राक्षस खरा, पण त्याला कोणी भीतच नाहीं. तेव्हां तो जगांतलें सर्वांत भित्रें पोर शोधून काढतो आणि त्याच्या अंगावर धांवून जातो. सॅम नांवाचा तो मुलगा रडूं लागतो. राक्षसाला वाटतें, आपण जिंकलों! पण सॅम त्याला खडसावतो कीं, हें रडें तुझ्यामुळें नव्हे. आणि मग आपल्या दुःखांची लांबलचक जंत्री ऐकवतो. भावानें मोडलेलें खेळणें, ठेंचाळलेलें बोट, असलींच तीं दुःखें. वडील माणसांस तें ऐकून हंसूं येईल. मुलांस तीं दुःखें खरींच वाटतात. राक्षस त्या क्षणीं भयंकर होण्याचा नाद सोडतो व मित्र होण्याचें ठरवितो. दुसऱ्या पुस्तकांतील केरीची गोष्ट पुढें जोडली आहे. ती येथें सांगत नाहीं.

आतां प्रयोगाची तऱ्हा. नट प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत कागदाच्या रंगविलेल्या बाहुल्या हलवीत असतात, गाणें-बजावणें तेथेंच चालतें, आणि बाहुल्यांचें चित्र मोठें होऊन पडद्यावर पडतें. मान वर केली कीं राक्षस. खालीं घातली कीं कागदाचा तुकडा व तो धरणारीं बोटें.

सूत्र दिसूं लागलें कीं रसभंग झाला, असें एखादा जुना रसिक म्हणेल. कोलरिजनें १८१७ सालीं काव्यवाचकाच्या ज्या स्वखुषीच्या विश्वासाचें वर्णन केलें, त्याचाही आधार तो घेईल. आमचें उत्तर असें कीं, भातुकलींतला भात वाळूचा आहे हें मुलीला पक्कें ठाऊक असतें. तरी तो कोणी लाथाडला तर ती रडतेच. ज्ञान आणि तन्मयता यांचें वैर आपण मोठीं माणसें लावितों. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ मधली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण पाहून मूल घाबरलें, तर त्याला आईचा पदरच गांठावा लागे. येथें भय किती घ्यावयाचें तें मूल स्वतःच मान हलवून ठरवितें. ही सोय सिनेमांत नाहीं.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं व त्यांच्या मुलांनीं १८९२ सालीं आरंभिलेली ‘शांबरिक खरोलिका’ येथें आठवते. काचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें मॅजिक लँटर्नच्या उजेडांत पडद्यावर हालत, आणि कथा जिवंत आवाजांत चाले. शांबरी म्हणजे जादू, हें नांवच बोलकें आहे. मुंबईंत सिनेमा आला तो १८९६ सालीं. त्यापूर्वीं चित्र हालतें एवढेंच नवल पुरेसें होतें. आज तें नवल मुलाच्या लेखीं शून्य आहे. तें हलवितो कोण, हेंच आतां नवल झालें आहे.

म्हणूनच एक धास्ती वाटते. मोठ्या नाट्यगृहांत मागच्या रांगांस बोटें दिसणार नाहींत. तेथें पडदा तेवढा उरेल, आणि पालकांचा आक्षेप अक्षरशः खरा होईल. आमच्याकडे कोणी असा खेळ करूं म्हणेल तर त्यानें शे-दीडशें प्रेक्षकांपलीकडे जाऊं नये, मग पदरास खार लागला तरी चालेल. आणि पुढच्या रांगा मुलांस द्याव्या. आईबापांनीं मागें बसावें.