पाठाचे चार पाय

नवें शैक्षणिक वर्ष तोंडावर आलें कीं चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांतही हल्लीं एक नवें लेखनकार्य सुरू होतें. तें म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रमाचे पाठघटक, ज्यांस सर्वजण ‘मॉड्यूल’ म्हणतात, ते तयार करण्याचें. पुष्कळ विद्यार्थ्यांच्या वाट्यास हेंच वाचन येतें. तथापि लेखन या नात्यानें त्याची परीक्षा सहसा कोणी करीत नाहीं. ती येथें थोडक्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

केंद्र सरकारचें ‘स्वयम्’ हें व्यासपीठ २०१७ सालीं सुरू झालें. त्याच्या रचनेंत पाठाचे चार भाग असतात: चित्रित व्याख्यान, वाचनाचा मजकूर, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनीं तर एका सत्रांतील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गानें पुरे करण्याची मुभा दिली. तेव्हां हा प्रकार आतां केवळ पुरवणीचा राहिलेला नाहीं.

त्याचा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. एटापल्लीच्या विद्यार्थ्यास जो अध्यापक एरव्हीं कधीं भेटला नसता, त्याचें व्याख्यान तो ऐकूं शकतो. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु चार पायांपैकीं एकावरच सारा भार टाकला जातो, हा आमचा मुख्य आक्षेप आहे. व्याख्यान चित्रित झालें कीं त्याचाच सांगाडा मजकूर म्हणून ठेवावयाचा, चर्चेची जागा रिकामी सोडावयाची आणि शेवटीं पर्यायी उत्तरांचे कांहीं प्रश्न जोडावयाचे, अशी वहिवाट पडत चालली आहे. आणि वर्ष सुरू होतें तें ऐन पावसाळ्यांत! पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडचा रस्ता तुटतो. विजेचा व मोबाइलच्या रेंजचा भरंवसा त्या दिवसांत धरवत नाहीं. अशा वेळीं जड चित्रफीत काय कामाची? हातीं राहतो तो एकदां उतरवून घेतलेला मजकूर. म्हणून तोच सर्वांत काळजीनें लिहिला पाहिजे.

दुसरा आक्षेप दृष्टान्तांविषयीं. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवानें २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ मध्यें सामूहिक वनहक्क मिळविला, आणि २०११ मध्यें बांबूच्या वाहतुकीचे परवाने तेथील ग्रामसभेच्या हातीं आले. ही हकीकत वगळून या मुलुखांत ग्रामसभा शिकविणें म्हणजे नदीकाठीं बसून पाण्याची व्याख्या पाठ करविणें होय. भूगर्भशास्त्रांतील ‘गोंडवन’ हें नांवही गोंडांच्या प्रदेशावरूनच पडलें, आणि त्या खडकांतील कोळसा बल्लारपुरास निघतो. मग उदाहरणें दूरदेशींचींच कां असावींत?

तिसरी गोष्ट भाषेची. ज्याच्या घरीं माडिया किंवा गोंडी बोलतात, त्यास मराठी हीच शिकून घेतलेली भाषा. त्याच्यापुढें इंग्रजीवरून शब्दशः उतरविलेली मराठी ठेविली, तर तो बिचारा मान डोलावील, पण शंका विचारणार नाहीं. वर्गांत तें मौन अध्यापकास दिसतें. पडद्यामागें तें समजुतीचें लक्षण मानलें जातें. हा धोका आम्हांस सर्वांत मोठा वाटतो.

म्हणून पाठ लिहून झाल्यावर लेखकानें एकच कसोटी लावावी: हा वाचून विद्यार्थ्यास विचारण्याजोगा एक तरी प्रश्न सुचेल काय, आणि तो विचारला तर उत्तर देणारें कोणी आहे काय? या दोहोंचें उत्तर होकारार्थी येईल, तेव्हांच तो पाठ चार पायांवर उभा राहिला असें आम्ही म्हणूं.