गायरान म्हणून कर्ब कमी, की कर्ब कमी म्हणून गायरान?

'भूमी उपयोजनाचा मृदेच्या सुपीकतेवर होणारा परिणाम : जीआयएसच्या साहाय्याने अभ्यास.' या धर्तीचे शीर्षक असलेले पेपर तुम्ही वाचले असतीलच. तालुका बदलतो, साचा तोच. मातीचे नमुने घ्यायचे, क्रिगिंग करायचं, त्यावर उपग्रहाचा भूमी उपयोजन नकाशा ठेवायचा. निष्कर्ष ठरलेला : बागायतीत सेंद्रिय कर्ब जास्त, गायरानात कमी, म्हणजे चराईने सुपीकता घटली.

परतूर तालुक्यात हे ताडून बघा. दुधनेच्या बाजूला भारी काळी जमीन, चढाला गेलात की थर पातळ होतो आणि मुरूम उघडा पडतो. ऊस कुणी मुरमावर लावत नाही. गायरान राहिलं तेच मुळी नांगरून फारसं हाती लागणार नाही अशा जागी. म्हणजे जमिनीने वापर ठरवला, आणि पेपर म्हणतो वापराने जमीन ठरवली! पालाशचंही तेच. काळ्या मातीत तो मुळातच भरपूर असतो; नकाशावरचा हिरवा पट्टा बहुतेक वेळा बेसॉल्टचं देणं असतो, पिकाचं नाही.

आता आकडे कुठून येतात ते पाहा. बरेच जण 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेची माहिती उचलतात. त्यात कोरडवाहू भागात 10 हेक्टरला एक मिश्र नमुना. 10 हेक्टर म्हणजे जवळपास 25 एकर : कुणाची कपाशी, कुणाची सोयाबीन-तूर, मध्येच एखादा पडीक तुकडा. सगळ्यांची माती एकाच पिशवीत. सेंटिनेल-2 चा पिक्सेल 10 मीटरचा, म्हणजे एका आकड्यावर हजार पिक्सेल. शेताशेतातला फरक नमुना घेतानाच पुसला गेला, तो सॉफ्टवेअर कुठून आणणार? क्रिगिंगला बांध दिसत नाही, ओढाही दिसत नाही.

नकाशा टाकून द्या असं मी म्हणत नाही. नमुना कुठे घ्यायचा हे ठरवायला तो फार कामाचा. पण परिणाम दाखवायचा असेल तर जोड्या लावा : एकाच उताराची, एकाच खोलीची, बांधाला बांध लागून असलेली दोन शेतं, वापर मात्र वेगळा. वरची 15 सेंटिमीटर माती घ्याच, शिवाय ऑगरने मुरूम लागेपर्यंतची खोली मोजा. मागच्या पिकांसाठी 2021 पासूनची ई-पीक पाहणी आहे, त्याआधीचा गाव नमुना बारा आहे. तरी शेतकऱ्याला विचाराच, शेणखत कधी टाकलं ते कागदावर नसतं. कर्ब एका हंगामात हलत नाही, त्यामुळे यंदाचं पीक म्हणजे 'उपयोजन' नव्हे. अशा जोड्या फार मिळणार नाहीत आणि नकाशा ठिपक्याठिपक्यांचा दिसेल. गाईडला ते आधीच सांगून ठेवा.