प्रतिपिंडे सापडली म्हणजे रोग सापडला का?

डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, कोरडा घास पाण्यावाचून गिळवत नाही, सांधे दुखतात. हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली आपल्या प्रबंधात अशा १९ स्त्रियांचे वर्णन केले. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा आपल्याच अश्रुग्रंथी व लाळग्रंथींवर उलटते, असा हा विकार. बहुसंख्य रुग्णांच्या रक्तात ‘रो’ या आपल्याच शरीरातील प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, आढळतात. त्यावरून ‘प्रतिपिंडे हीच या रोगाची खूण’ असे विधान सर्रास केले जाते. ते तपासून घ्यायला हवे.

अमेरिका व युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१६ साली संयुक्त निकष ठरवले. रो-विरोधी प्रतिपिंडांना ३ गुण. ओठाच्या आतील लाळग्रंथींच्या तुकड्यात लसिका पेशींचे पुंजके ठरावीक प्रमाणात दिसल्यास ३ गुण. डोळ्यांच्या पृष्ठभागाची रंगचाचणी, अश्रू मोजणारी कागदी पट्टी आणि मिनिटाला ०.१ मिलिलिटर किंवा त्याहून कमी लाळ, यांना प्रत्येकी १ गुण. एकूण ४ गुण झाले की रुग्ण या गटात.

आता बेरीज करून पाहा. कोरडेपणाच्या तिन्ही चाचण्यांत दोष आढळला, तरी गुण होतात ३. म्हणजे प्रतिपिंडे नसलेल्या रुग्णाला ओठाचा तुकडा दिल्यावाचून प्रवेश नाही. आणि त्यात पुंजके दिसले नाहीत, तर जिचे डोळे व तोंड खरोखर कोरडे आहे ती स्त्री गटाबाहेर राहते.

अशा निवडलेल्या रुग्णांतच मग अभ्यास होतो आणि निष्कर्ष निघतो, ‘बहुतेकांत प्रतिपिंडे असतात.’ गणिताच्या गुणांवर मुले निवडून एक तुकडी करावी आणि वर्षाअखेर ‘या तुकडीचे गणित चांगले’ म्हणावे, तसेच हे. जे आपणच आत घातले, तेच बाहेर काढले.

मग प्रतिपिंडांना अर्थच नाही का? तसे नाही. गर्भवतीच्या रक्तातील रो-विरोधी प्रतिपिंडे वारेतून गर्भापर्यंत पोचतात आणि अशा सुमारे १ ते २ टक्के गर्भांत हृदयातील विद्युत्संदेशांचा मार्ग बंद पडतो. कित्येकदा आईला स्वतःला कोरडेपणाचा त्रास नसतो. येथे बाळाची निवड कोणत्याही गुणांकनाने झालेली नाही, म्हणून हा पुरावा भक्कम. उलट, प्रतिपिंडे नाहीत म्हणून कोरडेपणा, वेदना वा थकवा कमी असतो, असे दिसत नाही.

निकषकर्त्यांचा हेतू संशोधनासाठी एकसारखे रुग्ण निवडण्याचा होता. तेवढ्यापुरते निकष उपयुक्तच आहेत. दोष आहे तो त्यांचा दवाखान्यात फूटपट्टीसारखा वापर करण्यात. ‘रिपोर्ट निगेटिव्ह, तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य विज्ञानाच्या नावावर खपवता येणार नाही.

कोणतीही टक्केवारी वर्गात सांगताना विद्यार्थ्यांना आधी एक प्रश्न विचारायला शिकवावे : मोजलेली माणसे निवडली कशी?