पाळणा, पदवी आणि ‘आयदान’

बाई शिकली की पाळणा लांबतो आणि ती कमावती होते, असे विकासाचे पंडित सांगतात. पहिले खरे ठरले: देशाचा जननदर १९९२-९३ मधील ३.४ वरून २०१९-२१ मध्ये २.० वर आला. दुसरे फसले, २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षांवरील जेमतेम २३ टक्के स्त्रिया श्रमबाजारात होत्या.

ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ (२००३) मला इथे मोलाचे वाटते. विधवा आई बांबूची आयदाने विणून मुले वाढवते. मुलगी सरकारी नोकरी करते, संसारात राहून एम. ए. होते, तरी चूल तिच्याच गळ्यात.

दलित स्त्रीवर काम जातीने आधीच लादले होते. शिक्षणाने द्यायची होती ती प्रतिष्ठेची नोकरी आणि घरातली समता. नुसती मुले मोजणारा विकास आम्ही का स्वीकारावा?