थप्पड, डोळा आणि चौदा वर्षं : ललिता पवारांचा विसरलेला पूर्वार्ध



पत्रिकेत आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला विचारलं, की सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस ललिता पवारांवर काय बोलणार? मी म्हटलं, जे शिकवलं तेच बोलणार. कारण कशाला म्हणायचं, आणि एखाद्याच्या कामाला न्याय देणं म्हणजे काय, हे दोन प्रश्न मी पुस्तकांतून शिकवले. ते एका नटीच्या आयुष्यात जितके स्पष्ट दिसतात तितके पुस्तकात दिसत नाहीत.

ललिता पवार म्हटलं की काय आठवतं? बारीक झालेला डावा डोळा, आवळलेले ओठ, सुनेला छळणारी सासू. १९८७ साली रामायण मालिका लागायची तेव्हा रस्ते ओस पडायचे. त्यातली मंथरा आठवते. आपल्याकडे अजूनही कडक सासूला 'ललिता पवार' म्हणतात. म्हणजे बाईंचं नाव आता विशेषनाम राहिलेलं नाही, ते विशेषण झालंय. असं भाग्य, की दुर्भाग्य म्हणा, फार थोड्या नटांच्या वाट्याला येतं.

आणि त्यांची कथा आपण कशी सांगतो? सगळे एकाच पद्धतीनं सांगतात. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांनी त्यांना थप्पड मारायची होती. ती खरोखरच जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा झाला, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. नायिकेच्या भूमिका गेल्या, खलनायिकेच्या आल्या, आणि त्यातून त्या मोठ्या झाल्या. तात्पर्य काय, तर संकटातून संधी. व्हॉट्सअॅपवर सकाळी फिरायला अगदी योग्य गोष्ट!

यातल्या घटना खऱ्या आहेत. माझी हरकत त्या 'आणि त्यातून'वर आहे.

आपल्या जुन्या लोकांनी यासाठी एक नाव देऊन ठेवलंय, काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्यानं फांदी मोडली असं होत नाही. पण मी त्याही पुढे जातो. नैयायिक कारणांचे प्रकार करतात. घडा कशापासून झाला? मातीपासून. कुंभार, त्याची काठी, चाक ही निमित्तं. निमित्त कितीही जोरदार असलं तरी माती नसेल तर घडा होत नाही. थप्पड हे निमित्त होतं. मग माती कुठली? तशा दुखापती अनेकांना झाल्या असतील. त्यातला प्रत्येक जण पुढे पन्नास वर्षं पडद्यावर टिकला का? नाही ना. तेव्हा माती शोधली पाहिजे, आणि ती १९४२ च्या आधी आहे.

ती थोडक्यात सांगतो. १९१६ साली नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात जन्म. माहेरचं आडनाव सगुण. १९२८ साली, म्हणजे बाराव्या वर्षी, पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीत बालनटी. पुढे दिग्दर्शक गणपतराव पवारांशी लग्न, त्यावरून पवार हे आडनाव. मूकपटाच्या शेवटच्या काळात आणि बोलपटाच्या सुरुवातीला त्या नायिका होत्या, आणि बऱ्याचदा स्टंटपटांच्या. तलवारी, मारामाऱ्या, उड्या. आज ज्याला 'बी ग्रेड' म्हणतात त्याचे हे पूर्वज. १९३२ च्या 'कैलाश' या मूकपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. त्याच दशकात 'दुनिया क्या है' हा बोलपट त्यांनी काढला, टॉल्स्टॉयच्या 'रिझरेक्शन' कादंबरीवरून. स्टंटपटाची नटी आणि टॉल्स्टॉय! आपल्या मनातल्या कप्प्यांत हे दोन एकत्र बसत नाहीत. दोष कप्प्यांचा.

आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, असं अभ्यासक सांगतात. त्यातले मोजकेच हाती राहिले. त्या मोजक्यांत १९३१ चा 'दिलेर जिगर' आहे, गणपतराव पवारांचा. राज्य हिरावलेला राजपुत्र रस्त्यावर कसरतीचे खेळ करून पोट भरतो. सारंगा त्याची जोडीदारीण, ती ललिता पवार. आणि वेळ येते तेव्हा तीच मुखवटा चढवून लढायला उतरते. साल लक्षात घ्या, १९३१. हातात हंटर घेतलेली नादिया, म्हणजे ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मेरी इव्हान्स, 'हंटरवाली'त आली ती १९३५ मध्ये. नादियाचं मोठेपण मला कमी करायचं नाही. पण येवल्याची मराठी मुलगी त्याआधी पडद्यावर लढत होती, हे आपल्या मराठी माणसांनाही माहीत नसावं?

आता मुद्द्याचं. भरतानं अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. मूकपटात वाचिक उरतच नाही. जे सांगायचं ते अंगानं. स्टंटपटात तर चेहऱ्यालाही फार वेळ मिळत नाही. पाठ, खांदे, पाय, वळण्याचा वेग, थांबण्याचा क्षण, यांतून बोलायचं. चौदा वर्षं ही तालीम झाली.

या तालमीनंतरच्या भूमिका आता पुन्हा बघा. १९६१ चा 'संपूर्ण रामायण' घ्या. त्यातही मंथरा त्याच होत्या. मालिकेच्या सव्वीस वर्षं आधी. तो चित्रपट होमी वाडियांच्या बसंत पिक्चर्सचा आणि दिग्दर्शक बाबूभाई मिस्त्री. 'हंटरवाली' बनवणारे होमी वाडिया ते हेच. म्हणजे ज्या मंथरेला सगळ्या देशानं घरात बसून पाहिलं, तिची एक पिढी आधीची ओळख स्टंट आणि चमत्कारांच्या कारखान्यातली आहे. आणि मंथरा डोळ्यानं उभी राहत नाही हो! ती कुबडानं उभी राहते. वाकलेल्या पाठीतून मान वर काढून कैकेयीकडे बघणं, बोलता बोलता तिच्याभोवती फिरणं. सगळं आंगिक. डोळा फक्त त्यावरची सही आहे.

'प्रोफेसर' आठवा, १९६२ चा. पुतण्यांना धाकात ठेवणारी करडी बाई, आणि शम्मी कपूर म्हाताऱ्या मास्तराचं सोंग घेऊन घरात येतो. बाई त्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडतात. विनोदी प्रसंग, लोक हसतात. पण नीट बघा. चेहरा तोच कडक, बदलतात ते खांदे आणि चाल. एक वयस्क बाई कित्येक वर्षांनी स्वतःकडे बघायला लागते. हसता हसता आपल्याला थोडं अपराधी वाटतं. हे थपडेनं शिकवलेलं नाही.

आणि 'अनाडी'तली मिसेस डिसा! १९५९. त्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. भाडेकरू राज कपूरवर ओरडायचं आणि त्यालाच जेवू घालायचं. रागावलेला डोळा आणि वाढणारा हात. सासू म्हणून ज्या चेहऱ्याची धास्ती घेतली, त्याच चेहऱ्यातून त्यांनी माया काढून दाखवली. चेहरा नशिबानं दिला असं घटकाभर मानू, पण त्याचे दोन अर्थ बाईंनी स्वतः केले.

मग ही चौदा वर्षं आपण विसरलो का? इथे मी जरा कडू बोलणार आहे.

त्याच १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. मोठ्या अभिनेत्री, वादच नाही. पण त्यांचं सिनेमात येणं आपण 'घरंदाज स्त्रीचं धाडस' म्हणून कौतुकानं सांगतो, आणि ललिताबाईंचं बाराव्या वर्षी येणं, कष्टणं, लढणं हे चरित्राच्या पहिल्या ओळीत उरकून टाकतो. सिनेमाची 'प्रत' ठरवताना आपण बऱ्याचदा सिनेमा बघतच नाही. तो कुठल्या थेटरात लागला, पुढच्या बाकांवर कोण बसलं, शिट्ट्या कोणी मारल्या, हे बघतो. गिरणीकामगार, हमाल, बाजाराला आलेला शेतकरी ज्यावर खूश झाला ते हलकं. ही प्रत कलेची नाही, तिकिटाची आहे.

याचा अर्थ सगळे स्टंटपट थोर होते असा घेऊ नका. बरेचसे कच्चे होते, कथानकाला बूड-शेंडा नसायचा. टीका जरूर करा. पण बघून करा.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी, नाहीतर हे नुसतं गुणगान होईल. स्टंटपटाची नायिका अन्यायाविरुद्ध उभी राहायची, भले मुखवटा घालून का होईना. पुढे ज्या सासू ललिताबाईंनी रंगवल्या त्या अन्यायाच्या पहारेकरी होत्या. व्ही. शांतारामांचा 'दहेज' १९५० चा, हुंड्याविरुद्धचा. हेतू उत्तम. पण अशा चित्रपटांनी नकळत एक सोय करून दिली. छळाचा चेहरा म्हातारीचा. घरातला पुरुष बिचारा, मधल्यामध्ये सापडलेला! समाजानं एका लढणाऱ्या बाईला घेतलं आणि तिच्याकडून दुसऱ्या बाईचा छळ करवून घेतला. बाईंनी ते काम चोख केलं. चौकशी आपली व्हायला हवी, आपल्याला ते इतकं पटलं कसं?

मला हे मुंबई-पुण्यात बोलण्यापेक्षा इथे, चंद्रपूर-गडचिरोलीच्या लोकांसमोर बोलायचं होतं. कारण ही चूक आपण इथे रोज करतो. दिवाळी झाली, धान निघालं, की मंडई भरते, शंकरपट होतात, आणि रिकाम्या बांधीत मंडप पडतो. वडसा म्हणजे देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं. थंडीत, हजारोंच्या समोर, प्रॉम्प्टरचा आवाज पुढच्या रांगेला ऐकू येत असतानाही त्या आवाजाच्या वर आपला आवाज चढवून, आपली नटी पहाटेपर्यंत उभी असते. उद्या दुसरं गाव. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण हार घातले, योग्यच केलं. पण तिथे काम करणाऱ्या बाईबद्दल आपण काय बोलतो? सुशिक्षित घरांतून 'झाडीपट्टीची नटी' हे शब्द कुठल्या सुरात निघतात? तो सूर तुम्हालाही माहीत आहे, मलाही.

त्यातली एखादी उद्या मालिकेत गेली, तर आपण लगेच गोष्ट रचू, अमक्या दिग्दर्शकानं हेरलं, नशीब फळफळलं. पुन्हा निमित्ताचा सत्कार आणि माती विसरलेली. तिनं पंधरा हिवाळे बांधीत उभं राहून आवाज, पाठ, पाय घडवले, हे कोणी लिहिणार नाही. कारण ते बघायला आपण गेलोच नव्हतो.

ललिता पवार १९९८ साली पुण्यात, औंधला गेल्या. सुमारे सत्तर वर्षांची कारकीर्द. त्यातला एक क्षण आपण निवडला, जो त्यांच्या हातात नव्हता, आणि त्याला त्यांचं आयुष्य म्हटलं. माणसाच्या बाबतीत जे घडलं ते लक्षात ठेवायचं आणि त्यानं जे केलं ते विसरायचं, याला मी अन्याय म्हणतो. बायकांच्या बाबतीत आपण तो जास्त सहजपणे करतो.

'दिलेर जिगर' जमल्यास जरूर बघा. नाहीच जमलं तर या हंगामात जवळच्या गावात एक नाटक पूर्ण बघा, मध्येच न उठता, आणि बाहेर पडताना त्या नटीचं नाव विचारून घ्या. टीकेची सुरुवात तिथून होते.