बार्शी लाइट आणि उसनी चाकं

कुर्डुवाडीहून पंढरपूरला किंवा लातूरला जाणाऱ्या छोट्या गाडीत बसलेले वाचक आपल्यात अजून बरेच असतील. बार्शी लाइट रेल्वे म्हणून ती १८९७ मध्ये सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली. २००० नंतर टप्प्याटप्प्यानं तिचे अडीच फुटी रूळ निघाले आणि ब्रॉडगेज आलं. आता ती गाडी पुन्हा बघायची तर फोटोत, नाहीतर कोणी टेबलावर बांधली तर तिथं.

हा लेख त्या टेबलावरच्या गाडीबद्दल आहे. इथे इंग्लंडात छोट्या रेल्वेची मॉडेलं बांधणं हा चांगला रुजलेला छंद आहे. प्रदर्शनात लोक मॉडेलपुढे उभे राहतात आणि विचारतात, ‘हुबेहूब झालंय का?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. प्रत्येक मॉडेलात काही भाग विकतचे असतात आणि काही हातानं घडवलेले. त्यामुळे बांधणाऱ्यानं उसनं काय घेतलं आणि उसनं घ्यायला नकार कुठे दिला, हे आधी बघावं. बार्शीच्या बाबतीत तर हाच खरा निकष आहे.

कारण असं, की बार्शीची गाडी इथे आधीच एका वेषांतरात हजर आहे. बार्शी लाइटचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्यानंच पुढे स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे उभारली. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. दोन्हीकडची सुरुवातीची इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची. मॅनिफोल्डच्या इंजिनांवर उष्ण देशात शोभावेत असे मोठे दिवे होते आणि डबे फिकट पिवळे. इंग्लंडच्या हिरव्या दरीत ती गाडी परदेशी पाहुण्यासारखी दिसे, आणि त्याचं मूळ आपल्या बार्शीत होतं. म्हणजे आधी बार्शी, मग मॅनिफोल्ड.

छंदाच्या बाजारात मात्र हा क्रम उलटा झाला आहे. जेमतेम तीस वर्षं चाललेल्या मॅनिफोल्डची इंजिनं आणि डबे किटच्या रूपात वेळोवेळी निघत आले. शंभराहून अधिक वर्षं कापूस, धान्य आणि वारकरी वाहणाऱ्या बार्शीच्या नावाचं खोकं मला तरी दुकानात कधी दिसलं नाही. त्यामुळे सोपी वाट अशी, की मॅनिफोल्डचा डबा घ्यायचा, रंग बदलायचा आणि खाली ‘बार्शी’ अशी पाटी लावायची. लांबून ते खपून जातं. पण असं मॉडेल आईला मुलीचे कपडे घालून ‘हीच मूळ’ म्हणून उभं करतं.

आता मोजमापाकडे येऊ, कारण उसनवारीची सुरुवात तिथूनच होते. ब्रिटिश छंदात एका फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे १:७६.२ हे प्रमाण चालतं. त्या हिशेबानं अडीच फुटाचे बरोबर १० मिलिमीटर होतात. पण रूळ मिळतात ते ९ मिलिमीटरचे. १९६० च्या दशकात ९ मिलिमीटर रुळांवरच्या इवल्या गाड्या बाजारात आल्या. त्यांची चाकं आणि यंत्रणा स्वस्तात हाती लागली, आणि अरुंद रेल्वेची मॉडेलं त्यांच्यावर बसवायची रीत पडली. म्हणजे या प्रमाणात बार्शीची गाडी सव्वादोन फुटी रुळांवर उभी राहते. तीन इंचांची ही चूक बहुतेकांना दिसत नाही, पण समोरून पाहिलं की डबा पाय जवळ घेऊन उभा असल्यासारखा वाटतो.

यावर उत्तर आहे, आणि ते इंग्लंडबाहेर सापडतं. युरोपातलं १:८७ हे प्रमाण घेतलं तर अडीच फुटाचे पावणेनऊ मिलिमीटर होतात. ९ मिलिमीटरचा रूळ तिथे जवळजवळ बिनचूक बसतो. शिवाय ऑस्ट्रियातल्या त्सिलरटाल आणि मारियाझेल या रेल्वे ७६० मिलिमीटरच्या, आपली बार्शी ७६२ ची. म्हणजे बार्शीची चाकं शोधायची तर इंग्लिश दुकानापेक्षा ऑस्ट्रियन गाड्यांच्या सुट्या भागांत शोधलेली बरी. बदल्यात ४ मिलिमीटरची तयार माणसं, घरं, बैलगाड्या सोडाव्या लागतात. माझ्या मते हा सौदा करण्यासारखा आहे. फलाटावरचा माणूस पुन्हा घडवता येतो, रुळांचं नातं एकदा चुकलं की चुकलं.

चाकं उसनी घ्यायला माझी हरकत नाही. पितळी बेअरिंगमध्ये अणकुचीदार टोकांवर फिरणारा आस घरी बनवण्यात काही शहाणपण नाही. परदेशात मिळेल त्या पिठाची भाकरी आपण थापतोच. पण बोगी उसनी घेऊ नये. इथे बोगी म्हणजे आपण बोलताना म्हणतो तो डबा नव्हे, तर डब्याखाली फिरणारी चार चाकांची चौकट. सहज मिळतात त्या अमेरिकन नमुन्याच्या बोग्या, म्हणजे लोखंडी पट्ट्या बोल्टांनी जोडून केलेल्या, बाजूनं चौकटीसारख्या आरपार दिसणाऱ्या. बार्शीच्या वाघिणींची गोष्टच वेगळी. लीड्स फोर्ज या कारखान्यानं पोलादी पत्रा साच्यात दाबून त्यांच्या चौकटी घडवल्या. कॅलथ्रॉपचा आग्रह होता की इंजिन असो वा वाघीण, कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नको. तसं झालं तर हलके, स्वस्त रूळ पुरतात आणि तरी भरपूर माल वाहता येतो. त्यासाठी वाघिणीचं स्वतःचं वजन कमी हवं. दाबलेल्या पत्र्याची बोगी हे त्याचंच एक उत्तर होतं. तिच्या जागी पट्ट्यांची बोगी बसवली की गाडी धावते, पण तिच्यामागचा विचार पुसला जातो.

ही बोगी घडवणं अशक्य नाही, वेळखाऊ आहे. प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून एक बाजू नीट कोरायची, सिलिकॉनचा साचा घ्यायचा आणि रेझिन ओतून प्रती काढायच्या. एका वाघिणीला चार बाजू लागतात, दहा वाघिणींना चाळीस. थ्रीडी प्रिंटिंगनं हे काम हलकं होतं, मात्र सपाट पत्र्यावर उमटणारे थर घासून काढावे लागतात. हे न करता सोडलेलं मॉडेल मला अर्धवट वाचून परत केलेल्या पुस्तकासारखं वाटतं.

शेवटची कसोटी अक्षरांची. १९५४ नंतरची, मध्य रेल्वेतली वाघीण दाखवायची तर ‘म. रे.’ देवनागरीत हवं. बाजारातल्या तयार अक्षरपट्ट्या रोमन लिपीच्या. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, त्यामुळे गडद वाघिणीवर पांढरी अक्षरं उमटवायची तर कोणाकडून खास छापून घ्यावी लागतात, नाहीतर बारीक कुंचल्यानं काढावी लागतात. अनेक जण इथे थकतात आणि वाघीण कोरी ठेवतात. कोरी वाघीण मी समजू शकतो. पण सोय म्हणून तिच्यावर दुसऱ्याच रेल्वेची रोमन अक्षरं चिकटवणं मला पटत नाही.

‘छंद आहे, आनंद मिळाला की झालं,’ असं यावर म्हणता येईल. नातवासाठी गोल रुळांवर फिरणारी गाडी असेल तर मीही तेच म्हणेन. पण पाटीवर ‘बार्शी’ लिहिलं की आपण एक विधान करतो. मूळ रूळ आता नाहीत. हे मॉडेल बघणाऱ्या इथल्या मुलाकडे ते पडताळून बघायला दुसरं काही नसेल. त्याच्यासाठी तीच बार्शी ठरेल.

म्हणून माझा कौल एका साध्या, थोड्या ओबडधोबड वाघिणीला आहे: १:८७ प्रमाण, ऑस्ट्रियन चाकं, हातानं केलेल्या चार बोगी-बाजू आणि कुंचल्यानं काढलेलं किंचित वाकडं ‘म. रे.’. तिच्या शेजारी दुसऱ्या रेल्वेचे चकचकीत सहा डबे ठेवले, तरी पंढरपूरला जाणारी गाडी ती एकटीच.